चार्टवर २.८ मीटर, साउंडरवर १.३: मालवणच्या खडपांत डिजिटल चार्टवर किती विसंबायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २६ फुटी शिडाची बोट, ड्राफ्ट (पाण्याखाली बुडणारा भाग) १.२ मीटर. जानेवारीत मुंबईहून निघून मालवणला आलात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला सिंधुदुर्ग किल्ला आणि किनारा यांच्या मधून जाताना टॅबलेटवर खोली दिसत होती २.८ मीटर, आणि साउंडर (तळाची खोली मोजणारं यंत्र) दाखवत होता १.३. तुम्ही मागे फिरलात. आता विचारताय की कोणता डिजिटल चार्ट घेतला म्हणजे असं होणार नाही, कारण पुढच्या खेपेला देवबाग, निवती रॉक्स आणि जमलं तर एखाद्या हिवाळ्यात लक्षद्वीप करायचं आहे.

मागे फिरलात ते फार चांगलं केलंत. दोन आकडे भांडत असतील तर कोण खरं हे ठरवायला पुढे जायचं नसतं.

पण 'कोणता चार्ट' हा माझ्या मते दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की पडद्यावर जो निळा रंग दिसतो, त्याच्यामागे कोणी, कधी आणि किती दाट मोजमाप केलंय. आणि त्या आकड्यावर या घटकेला किती पाणी चढलेलं आहे. याचं उत्तर कुठलंही ॲप स्वतःहून देत नाही, बोटीवर चार्ट दाखवणारं महागडं प्लॉटरही देत नाही. मी सर्व्हेच्या बोटींवर उमेदवारी केली, नंतर बरीच वर्षं या किनाऱ्यावर डायव्हिंगच्या बोटी चालवल्या, अधूनमधून लोकांच्या यॉट इकडून तिकडे पोचवल्या. खाली जे लिहितोय ते त्या अनुभवावरून. तुमच्या बोटीची कील (बुडाचा कणा) कशी आहे, महिना कोणता, स्वेल (दुरून येणाऱ्या लांब लाटा) किती, सोबत गावातला माणूस आहे की नाही, यावर त्यातलं बरंच काही बदलेल.

आधी त्या दोन आकड्यांचं भांडण सोडवू.

चार्टवरची खोली ही आत्ताच्या पाण्याची नसते. ती चार्ट डेटमपासून मोजलेली असते, म्हणजे जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. भारताच्या किनाऱ्यासाठी ही पातळी ठरवण्याचं सूत्र जॉर्ज डार्विनने (चार्ल्स डार्विनचा मुलगा) एकोणिसाव्या शतकात इथल्या भरती-ओहोटीचा अभ्यास करताना बसवलं. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ एवढाच की खरं पाणी चार्टपेक्षा जवळजवळ नेहमी जास्तच असतं. त्यामुळे साउंडरने चार्टपेक्षा जास्त आकडा दाखवला तर ते रोजचंच. कमी दाखवला की मात्र कुठेतरी काहीतरी चुकतंय.

तुमच्या वेळेचं पाणी किती होतं? तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते हा हिशेब तुम्ही ऐकला असेल. तो मुंबईला बऱ्यापैकी लागू पडतो. प्रतिपदेला पाऊण तास, म्हणजे पाऊण वाजता भरती. मालवणात ती मुंबईच्या पाऊण-एक तास आधी येते, म्हणजे बाराच्या आत-बाहेर. तुम्ही चारला तिथे होतात, म्हणजे उधाणाची (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीची) ओहोटी तीन-चतुर्थांश उतरून गेली होती. मुंबईत उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर वर-खाली होतं, मालवणात साधारण त्याच्या निम्मं. तेव्हा डेटमवर ०.८ मीटर पाणी होतं असं धरू. नेमका आकडा सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरतीच्या तक्त्यांतून, मुरगाव बंदर धरून काढा. म्हणजे तिथे खरी खोली २.८ अधिक ०.८, एकूण ३.६ मीटर असायला हवी होती.

आता साउंडर. त्याचे १.३ मीटर कुठून मोजलेले? यात तीन शक्यता आहेत. आकडा कीलच्या खालून असेल, तर खरी खोली २.५ मीटर झाली आणि चार्ट १.१ मीटरने चुकला. ट्रान्सड्यूसरपासून (आवाज सोडून परत ऐकणारा साउंडरचा भाग) असेल, आणि तो पाण्याखाली ०.३ मीटरवर बसवला असेल, तर खोली १.६ आणि चूक २.० मीटर. आणि बसवणाऱ्याने ऑफसेट (मोजणी कुठून धरायची त्यासाठी भरलेला फरक) पाण्याच्या पातळीला लावून ठेवला असेल, तर खोलीच १.३ मीटर. तुमचा ड्राफ्ट १.२. म्हणजे कीलखाली दहा सेंटिमीटर, तेही उतरत्या पाण्यावर, उधाणाच्या दिवसांत. तिथे बसला असतात तर पुढचे काही तास बोट आडवी होताना बघत राहिला असतात.

ही तिसरी शक्यता मी भीती घालायला सांगत नाही. मला एकदा एका मालकाची बोट पोचवायची होती. साउंडर नवाकोरा. बसवणाऱ्याने ऑफसेट उलट चिन्हाने भरलेला, त्यामुळे तो प्रत्येक ठिकाणी खऱ्यापेक्षा दीड मीटर जास्त दाखवत होता. मला ते कळलं वाळूवर टेकल्यावर. भांगाचे (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीचे) दिवस होते, वाळू मऊ होती, तासाभरात निघालो. तेव्हापासून कुठल्याही अनोळखी बोटीवर पाय ठेवला की पहिलं काम एकच: जेटीला, शांत पाण्यात, दोरीला वजन बांधून तळ मोजायचा आणि साउंडरशी ताडून पाहायचा. निघालेला फरक मार्कर पेनने साउंडरच्या शेजारी लिहून ठेवायचा. तुम्हीही आधी हे करा. बाकी सगळं त्यानंतर.

साउंडर बरोबर निघाला असं धरू. मग चार्ट एक ते दोन मीटरने का चुकला?

उथळ पाण्यात संकटं दोन जातीची असतात, आणि चार्ट त्या दोघांशी वेगवेगळा वागतो. खडक हलत नाही, पण तो मोजणाऱ्याला सापडतोच असं नाही. वाळू मोजणाऱ्याला हमखास सापडते, पण पुढच्या पावसाळ्यात तिथे राहत नाही. किल्ल्याच्या आसपासचा प्रश्न पहिल्या जातीचा, देवबागचा दुसऱ्या.

खडक का सापडत नाही ते समजायला सर्व्हे कसा होतो ते डोळ्यांसमोर आणा. जुना सर्व्हे म्हणजे शिशाचा गोळा आणि दोरी. होडी वल्हवत जायची, थोड्या थोड्या अंतरावर गोळा टाकायचा. दोन टिपणांच्या मध्ये काय आहे ते देव जाणे. याला हसू नका. रॉबर्ट मोर्सबीने १८३४ ते १८३६ मध्ये मालदीवच्या प्रवाळबेटांचा सर्व्हे अशाच साधनांनी केला, आणि त्याचे नकाशे दीडशे वर्षं वापरात होते. नंतर एक किरण खाली सोडणारा इको साउंडर आला. त्यात रेषेखालचं सगळं दिसतं, पण दोन रेषांच्या मधलं नाही. १:१०,००० स्केलच्या सर्व्हेत रेषांमधलं अंतर ठरलेलं असायचं नकाशावर एक सेंटिमीटर, म्हणजे पाण्यात शंभर मीटर. शंभर मीटरच्या पट्ट्यात मालवणचं एखादं खडप (पाण्यातला खडक) आरामात लपतं. इथले खडक घराच्या खांबासारखे सरळ वर येतात, उतार देऊन सूचना देत नाहीत. अख्खा तळ झाडून काढणारा मल्टिबीम सर्व्हे मोठ्या बंदरांत आणि त्यांच्या वाटांवर आधी होतो. जिथे जहाजं जात नाहीत अशा खडपांत तो सगळ्यात शेवटी पोचतो, आणि त्यात सर्व्हेवाल्यांची चूक नाही. उथळ खडकांत सर्व्हेची लाँचसुद्धा घालवत नाही.

डिजिटल चार्ट हा अशा वेगवेगळ्या काळातल्या तुकड्यांची गोधडी असतो. फरक असा, की कागदावर कोपऱ्यात सर्व्हेचं वर्ष आणि तुकड्यांचा छोटा आराखडा छापलेला असायचा, आणि जिथे मोजलंच नाही तिथे जागा पांढरी दिसायची. पडद्यावर सगळीकडे सारखाच गुळगुळीत निळा रंग.

अधिकृत इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये, म्हणजे ईएनसीमध्ये, ही माहिती असते, फक्त ती दाखवायला सांगावी लागते. तिचं नाव 'झोन ऑफ कॉन्फिडन्स', बोलताना झॉक. ए१, ए२, बी, सी, डी, आणि ज्याचं मूल्यमापनच झालं नाही तो यू. ए१ ते डी पडद्यावर ताऱ्यांनी दिसतात. ए१ ला सहा तारे आणि खाली उतरत जातात. ए१ मध्ये जागेची चूक पाच मीटरच्या आसपास आणि खोलीची अर्ध्या मीटरच्या. बी मध्ये जागेची चूक ५० मीटर, खोलीची एक मीटर अधिक खोलीच्या दोन टक्के. सी मध्ये जागेची ५०० मीटर, खोलीची दोन मीटर अधिक पाच टक्के. आता तुमचे आकडे परत घ्या. २.८ मीटर खोलीला बी झोनमध्ये साधारण १.०६ मीटर चूक माफ आहे, सी मध्ये २.१४. म्हणजे तुमची १.१ ची चूक बी च्या काठावर बसते आणि २.० ची सी मध्ये. तिथे कोणता झोन आहे ते चार्टवर टिचकी मारून स्वतः पाहा. बहुधा असं दिसेल की चार्टने आपली चूक आधीच कबूल केली होती, तुम्ही ती वाचली नव्हती. त्यात तुमचाही दोष नाही, कारण मोबाइलवरच्या बऱ्याच ॲपमध्ये ही माहिती एक तर काढूनच टाकलेली असते, नाहीतर मेनूत चार पायऱ्या खाली पुरलेली.

मी मनाशी जो नियम धरतो तो असा: चार्टची खोली, अधिक भरती, वजा झॉकची चूक, वजा स्वेलच्या उंचीचा अर्धा भाग. उरलेल्या पाण्यात माझा ड्राफ्ट आणि वर अर्धा मीटर मावला तर बोट नेहमीसारखी न्यायची. नाही मावला तर त्या जागेपुरता चार्ट नाहीच असं समजायचं आणि डोळ्यांनी जायचं. तुमच्या उदाहरणात, बी धरला आणि स्वेल एक मीटर असला, तर २.८ + ०.८ − १.०६ − ०.५ म्हणजे २.०४ मीटर. तुम्हाला हवेत १.७. जेमतेम बसतं. सी धरला तर एक मीटरही उरत नाही.

आता झूमबद्दल, कारण उथळ बेटांत चार्टमुळे जे गाजलेले अपघात झाले त्यांतले बरेच इथे येऊन अडकतात. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेसमधली 'वेस्टास विंड' ही शर्यतीची बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराहोस नावाच्या प्रवाळरांगेवर रात्री पूर्ण वेगात आदळली. नऊच्या नऊ माणसं वाचली. चार्टमध्ये ती रांग होती, पण ज्या झूमवर ते बघत होते त्यावर बेटं आणि प्रवाळ दिसत नव्हते, जरा उथळ जागा आहे एवढंच दिसत होतं. व्हेक्टर चार्टचा, म्हणजे साठवलेल्या माहितीवरून पडद्यावर नव्याने काढल्या जाणाऱ्या चार्टचा, हा स्वभावच आहे. पडद्यावर गर्दी होऊ नये म्हणून झूम कमी केला की तो आकडे आणि खडक गाळत जातो. कागदाचा स्कॅन केलेला रास्टर चार्ट असं करत नाही, म्हणून मला तो अजून आवडतो. रस्ता आखून झाला की अख्खा मार्ग बोटाने सरकवत, जवळच्या झूमवर, शेवटपर्यंत पाहायचा. कंटाळवाणं काम आहे. चहा घेऊन बसा.

उलट दिशेची चूकही होते. झूम वाढवला म्हणजे माहिती वाढली असं वाटतं. १:५०,००० च्या चार्टवर पेन्सिलची अर्ध्या मिलिमीटरची रेघ पाण्यात २५ मीटर असते. तुम्ही बोटांनी ताणून ती १:५,००० वर नेलीत तरी आतली नेमकी जागा तेवढीच ढोबळ राहते, फक्त तुमची बोट चित्रात ऐटीत दोन खडकांच्या मधून जाताना दिसते. २०२० च्या जुलैत मॉरिशसजवळ 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं आणि तेल सांडलं. जपानच्या चौकशीत पुढे आलं की मोबाइलचं सिग्नल मिळावं म्हणून ते किनाऱ्याकडे वळवलं होतं, आणि त्या किनाऱ्याचा पुरेसा तपशीलवार चार्ट जहाजावर नव्हता. आणि हे फक्त व्यापारी जहाजांचं नाही. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी नौदलाचं 'गार्डियन' फिलिपिन्समधल्या तुब्बताहा प्रवाळावर बसलं. त्यांच्या डिजिटल चार्टवर ती रांग जवळपास आठ सागरी मैल चुकीच्या जागी होती. गंमत म्हणजे त्याच संचातल्या दुसऱ्या स्केलच्या चार्टवर ती बरोबर जागी होती. दोन्ही उघडून ताडले असते तर फरक लगेच दिसला असता. म्हणून मी नेहमी दोन वेगळ्या मुळांचे चार्ट शेजारी ठेवतो. एकाच माहितीवरून बनवलेली दोन ॲप म्हणजे दोन चार्ट नव्हेत, हेही लक्षात घ्या.

वापरणाऱ्यांच्या साउंडरवरून गोळा केलेल्या ॲपमधल्या त्या खोलीच्या अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या सुंदर रेषांबद्दल तुम्ही विचारलंत. जिथे शेकडो बोटी रोज फिरतात तिथे त्या उत्तम असतात. आपल्याकडे खडपांतून साउंडर आणि इंटरनेट जोडून किती बोटी फिरतात? मधली जागा गणिताने भरलेली असते, आणि त्या गणिताला खांबासारखा खडक ठाऊक नसतो. तुमचा २.८ हा आकडा त्या थरातून आला होता की अधिकृत थरातून, हे आधी तपासा. पहिल्याचाच मला दाट संशय आहे.

एक किरकोळ गोष्ट, पण तिनेही लोक घाबरतात. सेफ्टी काँटूर, म्हणजे याहून उथळ ते धोक्याचं असं सांगणारी खोलीची रेषा. मोठ्या जहाजांच्या प्रणालीत तो तुम्ही भरला नाहीत तर ३० मीटर धरला जातो, आणि भरलेला आकडा चार्टमध्ये नसेल तर पुढची खोल रेषा घेतली जाते. ३ सांगितलं तर ५. एकाने मला फोन करून विचारलं होतं, 'विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर भला मोठा धोका दाखवतोय, वळसा घालू का?' तो आंग्रिया बँक होता. पाण्याखाली वीस मीटर. त्याच्या बोटीला त्याचा काय त्रास!

जुन्या कागदी चार्टचे स्कॅन कोणी फुकट दिले तर ते कुठल्या भूमापन डेटमवर (जागा मोजायच्या चौकटीवर; वरचा खोलीचा डेटम वेगळा) आहेत ते बघा. एव्हरेस्ट डेटमचा चार्ट आणि डब्ल्यूजीएस ८४ चा जीपीएस यांत शंभर मीटरहून जास्त फरक पडू शकतो. समासात दुरुस्तीची टीप असते, ती वाचायची.

आता मी स्वतः काय करतो ते. खडपांसाठी मी माझा स्वतःचा थर बनवतो. ओपनसीपीएन हे फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर. त्यात अधिकृत ईएनसी, त्याखाली उपग्रहचित्र, त्यावर माझ्या आधीच्या फेऱ्यांचे ट्रॅक (जीपीएसने नोंदलेल्या वाटा). जिथून मी १.४ मीटर ड्राफ्टची बोट अमुक पाण्यावर नेली ती रेघ माझ्यासाठी कुठल्याही काँटूरपेक्षा मोलाची. तुमचा त्या दिवशीचा ट्रॅक मिळाला तर जपून ठेवा, साउंडरच्या आकड्यांसकट आणि वेळेसकट. वेळ असली की भरती वजा करून डेटमची खोली काढता येते.

उपग्रहचित्रांत मात्र कोकणापुरती एक मेख आहे, आणि ती कळायला मला दोन हिवाळे लागले. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, एक ठिपका म्हणजे दहा मीटर. लक्षद्वीपच्या काचेसारख्या पाण्यात त्यावरून प्रवाळाच्या मोठ्या मुंड्या दिसतात. मालवणात पाणी गढूळ, म्हणून मी विचार केला की उधाणाच्या सुक्या ओहोटीचं चित्र शोधू, खडक उघडे पडलेले दिसतील. सापडेना. मग हिशेब केला. हा उपग्रह आपल्याकडे नेहमी सकाळी अकराच्या सुमाराला येतो. पौर्णिमा-अमावास्येला मालवणात त्या वेळेला जवळजवळ पूर्ण भरती असते. अकरा वाजता ओहोटी पडते ती अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाला, जेव्हा पाणी मुळात फार उतरतच नाही. त्यामुळे सगळ्यात खालचं पाणी या चित्रांत जवळपास कधीच सापडत नाही. चंद्र-सूर्यांनी ठरवलेलं आहे, आपण काय करणार. तोडगा असा की अष्टमीच्या आसपासची, आणि त्यातही स्वेल असलेल्या दिवसाची चित्रं घ्यायची. खडक दिसला नाही तरी त्यावर फुटणारा फेस पांढरा दिसतो, आणि चार-पाच चित्रांत फेस एकाच ठिकाणी असेल तर तिथे खडप आहे. एकाच चित्रात असेल तर ती लाट.

आणि माणसं. पहिल्यांदा किल्ल्यामागच्या खडपांत शिरलो तेव्हा सोबत मालवणच्या दांडी भागातला एक म्हातारा तांडेल (होडीचा म्होरक्या) होता. मी लॅपटॉप उघडून त्याला मोकळी वाट दाखवली. त्याने पडद्याकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "नकाशात काय आसा ता माका म्हायत नाय, पण हय खडप आसा." आणि किनाऱ्यावरचं एक झाड मागच्या डोंगराच्या खिंडीत येईपर्यंत बोट दक्षिणेला न्यायला लावली. आम्ही त्या जागेच्या बाजूने गेलो तेव्हा खडप हाताच्या अंतरावर दिसलं. अशा दोन-दोन खुणा जुळवून काढलेल्या रेषा मी त्याच्याकडून सात घेतल्या आणि चार्टवर मार्क केल्या. बॅटरी लागत नाही, उपग्रह लागत नाही. कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम सुरू झालं ते याच खडपांच्या भरवशावर. अनोळखी जहाजाला इथे वाट मिळू नये हाच तर हेतू. तेव्हा तुम्ही अडलात याचं फार वाईट वाटून घेऊ नका.

आत शिरायची वेळ. नेहमी चढत्या पाण्यावर, म्हणजे टेकलात तरी पाणीच उचलेल. सूर्य उंच आणि पाठीशी हवा, तरच खडकाचा तपकिरी रंग दिसतो. मालवणात शिरताना तोंड पूर्वेला असतं, म्हणजे सकाळी ऊन डोळ्यांत. सकाळी मतलईमुळे (जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यामुळे) पाणी सपाट असतं पण दिसत काही नाही; दुपारनंतर ऊन पाठीशी येतं पण वायव्येचा वारा पाणी मोडून टाकतो. म्हणून माझी वेळ बारा ते दीड. त्या वेळेला चढतं पाणी कधी मिळतं? तिथीची पाऊणपट करा, त्यातून तासभर वजा करा: तृतीया ते पंचमी. महिन्यातून दोनदा असे तीन-तीन दिवस. मी फेरीच त्या दिवसांवर बांधतो. बोटीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) एक माणूस पोलराइज्ड चष्मा लावून उभा, वेग तीन नॉटच्या आत, आणि जाताना सुकाणूवरच्या माणसाने टॅबलेट बघायचा नाही. तो दुसऱ्याच्या हातात.

तुमच्या पुढच्या तीन जागांबद्दल थोडक्यात. देवबागला, कर्ली नदीच्या मुखाशी, चार्टवरची खोली मी वाचतच नाही. तिथली वाळू दर पावसाळ्यात नवा डाव मांडते. त्सुनामी आयलंड म्हणतात तीसुद्धा वाळूची एक पट्टीच. सप्टेंबरनंतर तिथे पर्यटकांच्या होड्या कुठून फिरतात ते तासभर बसून बघा, आणि लक्षात ठेवा की त्यांचा ड्राफ्ट तुमच्या निम्माही नसतो. १.२ मीटरची कील घेऊन मी तरी आत जाणार नाही. बाहेर नांगर टाकून छोटी होडी घ्या. निवती रॉक्सचं उलट आहे. दीपगृह दिसतं, बेटं दिसतात, आसपास पाणी खोल, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो आणि दोन बेटांच्या मधून जायचा मोह होतो. तिथे स्वेल खडकांवरून दोन्हीकडून परत येतो आणि लाटा उभ्या उसळतात. पहिल्या फेरीत बाहेरूनच बघून या. किल्ल्याच्या भोवतीचा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. नांगर वाळूत टाका, प्रवाळावर नको.

लक्षद्वीप हा वेगळाच खेळ आहे. बेटं प्रवाळकड्याच्या पूर्वेला आणि खाजण पश्चिमेला, तेव्हा शिरताना तोंड बहुतेक पूर्वेला, म्हणजे ऊन दुपारी पाठीशी. भरतीचा फरक मालवणपेक्षाही कमी, त्यामुळे चूक सुधारायला पाणी मदतीला येत नाही. पण पाणी नितळ असल्यामुळे उपग्रहचित्र तिथे सगळ्यात चांगला चार्ट ठरतं. परवानग्यांचं काम सहा महिने आधी सुरू करा.

आता तुमचा मूळ प्रश्न, काय विकत घ्यायचं. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे अधिकृत ईएनसी, या किनाऱ्याचे सर्वांत तपशीलवार स्केलचे. त्यांच्या सागरी सूचना पंधरवड्याला निघतात, त्या बघत जा. दुसरं मूळ म्हणून तुमचं सध्याचं ॲप चालेल, फक्त गोळा केलेल्या काँटूरचा थर बंद करून. जानेवारीच्या उन्हात टॅबलेट तापून बंद पडतो, तेव्हा सावलीत ठेवा आणि फोनवर दुसरी प्रत ठेवा. याहून जास्त पैसे चार्टवर घालवण्यापेक्षा ते दांडीच्या एखाद्या तांडेलाला दोन दिवसांचे द्या.

आणि ती दोरी आणि वजन घेऊन ऑफसेट मोजलात की आकडा इथे कळवा, त्या दिवशीच्या ट्रॅकसकट. चार्टशी फरक १.१ चा निघाला तर चार्टच्या कबूल चुकीत तो जवळपास जिरून जातो. दोनच्या वर निघाला, तर तुम्हाला बहुधा एक खडप सापडलंय जे माझ्या थरात नाही, आणि मला ते हवंय.